सायनसचा जुनाट त्रास आणि देवघरातला धूर

नाकाभोवतीच्या हाडांतील हवेच्या पोकळ्यांना सायनस म्हणतात, आणि त्यांच्या अस्तराची सूज 12 आठवड्यांहून अधिक टिकली की ती जुनाट मानली जाते. मुलांमध्ये तिच्यामागे अनेकदा ॲलर्जी किंवा ॲडिनॉइडची, म्हणजे नाकाच्या मागच्या ग्रंथींची, वाढ असते. गोव्यातील पेडणे-डिचोलीत पावसाळी ओलीने भिंतींवर धरणारी बुरशी आणि खाणपट्ट्यातील धूळ त्यात भर घालतात, तशीच भर श्रद्धाळू घरात धूप-अगरबत्तीचा धूरही घालतो, ज्याकडे भक्तिभावापोटी सहसा काणाडोळा होतो. वास्तविक समई, फुले आणि आरती एवढ्याने पूजा कुठेच उणी पडत नाही. डिचोली तालुक्यातील शिरगावच्या श्री लईराईच्या जत्रेत व्रतस्थ धोंड, म्हणजे देवीचे भक्त, निखाऱ्यांवरून चालतात; तेथे सायनसचा त्रास असलेल्या मुलासह गेलेल्या कुटुंबाने होमकुंडाचा धूर येणार नाही अशा बाजूला, दूर थांबणे बरे. नवस जरूर बोलावा, मात्र उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि डॉक्टरांनी दिलेला नाकातील फवारा त्यांच्या सल्ल्याविना थांबवू नये, आणि डोळ्याभोवती सूज किंवा तीव्र डोकेदुखीसह ताप दिसल्यास जवळचे रुग्णालय अथवा बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय (गोमेकॉ) त्याच दिवशी गाठावे.