वडखळचा नाका आणि तेथील लोकांचें आरोग्य

मुंबईहून कोंकणांत उतरणाऱ्या प्रवाशास वडखळ म्हणजे एक फांटा, एवढेंच ठाऊक असतें. गोव्याकडे जाणाऱ्या राजमार्गांतून अलिबागचा रस्ता येथें फुटतो. प्रवासी गाडी थांबवितो, चहा घेतो, हंगाम असल्यास पांढऱ्या कांद्याची एखादी माळ व पेणच्या पापडांचा पुडा बरोबर घेतो आणि धूळ झटकून पुढें जातो. नाक्यावर ज्यांचें दुकान आहे व दुकानामागें किंवा माडीवर ज्यांचें बिऱ्हाड आहे, त्यांस मात्र धूळ झटकून कोठें जावयाचें नसतें. ती त्यांच्या पाण्यावर, अंथरुणावर व मुलांच्या छातींत बसते. आरोग्याविषयीं आमच्याकडे पुष्कळ लिहिलें व बोललें जातें; परंतु तें बहुधा आहार, व्यायाम व औषध यांविषयीं असतें. मनुष्य ज्या आळींत राहतो, ज्या रस्त्यावर त्याचें दार उघडतें, ज्या विहिरीचें वा नळाचें पाणी तो पितो, त्या शेजाराचा त्याच्या शरीराशीं काय संबंध आहे, हा विचार मोठ्या शहरांपुरता समजला जातो. आणि वडखळसारख्या, धड खेडें नव्हे व धड शहरही नव्हे, अशा ठिकाणीं तो कोणीच करीत नाहीं.

वास्तविक हा संबंध नव्यानें शोधून काढावयाचा आहे असें नाहीं. १८५४ सालीं लंडनमध्यें पटकीची सांथ आली, तेव्हां डॉ. जॉन स्नो यांनीं मृतांचीं घरें नकाशावर मांडून तीं एका पाण्याच्या पंपाभोंवतीं दाटलीं आहेत असें दाखविलें. रोग मनुष्यांत होता, पण त्याचें मूळ रस्त्याच्या कोपऱ्यावर होतें. आमच्या मुंबईंत १८९६ सालीं प्लेग उद्भवल्यानंतर सरकारास अंधाऱ्या, कोंदट चाळी दिसूं लागल्या आणि १८९८ सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले, वारा खेळता केला. परंतु ज्यांचीं घरें पाडलीं त्यांतील पुष्कळांस नवीं घरें मिळालीं नाहींत व ते शेजारच्या तितक्याच कोंदट गल्ल्यांत जाऊन दाटले. रस्ता निरोगी झाला म्हणून रहिवासी निरोगी झाले असें होत नाहीं, हा त्या ट्रस्टचा अनुभव वडखळच्या लोकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. कारण त्यांचें दैव गेलीं पंधरा वर्षें एका रस्त्याशींच बांधलें गेलें आहे.

पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरांचा टप्पा चौपदरी करण्याचें काम २०११ सालीं निघालें. तें किती मुदतींत पुरें व्हावयाचें होतें व किती वेळां मुदत वाढली, हा इतिहास कोंकणच्या प्रत्येक गणेशभक्तास तोंडपाठ आहे. उच्च न्यायालयासही त्यांत वारंवार लक्ष घालावें लागलें. त्याची चर्चा झाली ती मात्र सगळी प्रवाशांच्या दृष्टीनें. खड्डे किती, वेळ किती मोडला, कंबर किती दुखली! काम निघालें त्या वर्षीं रस्त्याकडेच्या घरांत जन्मलेलें मूल माध्यमिक शाळेंत गेलें, आणि तेवढा सगळा काळ त्यानें खडीच्या व भरावाच्या शेजारीं श्वास घेतला, हें कोणत्याही अर्जांत आम्हांस वाचावयास मिळालें नाहीं.

धूळ ही आमच्या लोकांस फारशी भयंकर वस्तु वाटत नाहीं. डोळ्यांस दिसणारी जाड धूळ नाकांत व घशांत अडकते, शिंकेबरोबर निघून जाते, हें खरें. पण मोटारींच्या नळकांड्यांतून निघणारे व रस्त्यावर दळले जाणारे सूक्ष्म कण अडीच मायक्रॉनपेक्षां लहान, म्हणजे मनुष्याच्या केसाच्या सुमारें तिसाव्या हिश्शाइतके बारीक असतात. ते फुप्फुसाच्या तळाशीं जातात, तेथून रक्तांत उतरतात, आणि दम्याइतकेच हृदयविकारास व पक्षाघातासही कारण होतात. डीझेलचा धूर कर्करोग उत्पन्न करतो असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २०१२ सालीं दिला. या सूक्ष्म कणांचें वार्षिक प्रमाण घनमीटरास ५ मायक्रोग्रॅमपेक्षां अधिक नसावें असें त्या संघटनेनें २०२१ सालीं ठरविलें. आमच्या देशाची २००९ ची मर्यादा ४० आहे. दोहोंमध्यें आठपटींचें अंतर आहे, आणि वडखळच्या नाक्यावर खरें प्रमाण काय, हें तेथें उभ्या असलेल्या मनुष्यास सांगणारा एकही फलक नाहीं. २०१९ सालीं निघालेला राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम हा नांवाप्रमाणें राष्ट्रीय असला, तरी त्याची यादी शहरांची आहे. राजमार्गावरचें गांव शहराइतका धूर खातें, पण यादींत बसत नाहीं.

धुराच्या जोडीस आवाज आहे. वसतीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबलपेक्षां अधिक आवाज नसावा असा २००० सालचा नियम आहे. रात्रीं दोन वाजतां वजनदार मालमोटार चढावर दम घेते किंवा तिचा चालक वळणावर कर्णा वाजवितो, तेव्हां या नियमाचें काय होतें हें माडीवर निजणाऱ्यास विचारावें. झोंप मोडली म्हणजे रक्तदाब चढतो व चढलेला राहूं लागतो. पन्नाशी न गांठलेला दुकानदार गोळ्या घेऊं लागला म्हणजे आम्ही त्याच्या मिठाकडे व तेलाकडे बोट दाखवितों. त्याच्या खिडकीकडे कोणी पाहत नाहीं.

आतां राजमार्ग गांवास वळसा घालून नेला आहे आणि त्यामुळें नाक्यावरील सुप्रसिद्ध खोळंबा पुष्कळ हटला. यावर व्यापारी मंडळींची तक्रार अशी कीं, खोळंब्याबरोबर गिऱ्हाईकही हटलें. या तक्रारीस आम्ही हंसणार नाहीं. ज्याचें पोट थांबलेल्या गाडीवर आहे त्यास वाहती गाडी दाखवून आरोग्य शिकविणें सोपें आहे. पण व्यापाऱ्यांनींही दुसरी बाजू पाहावी. अलिबागकडे वळणाऱ्या गाड्यांस वडखळ टाळतां येत नाहीं; १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडी-न्हावाशेवा अटल सेतूचें उद्घाटन झाल्यापासून तर मुंबईकरांस अलिबागची वाट अधिकच सोपी झाली. तेव्हां प्रश्न गिऱ्हाईक येईल कीं नाहीं हा नसून तें कोठें थांबेल हा आहे. दुकानाच्या पायरीशीं चाकें लावून, इंजिन चालू ठेवून थांबलेली गाडी वडापावाचे पैसे देते व धूर फुकट देते. रस्त्यापासून आंत घेतलेला, झाडांच्या सावलीचा तळ, तेथें बायकांस जातां येईल असें स्वच्छ शौचकूप व पिण्याचें पाणी, एवढी सोय असली तर प्रवासी दहा मिनिटांच्या ऐवजीं अर्धा तास थांबेल. बायकांच्या शौचकूपाची गोष्ट आम्ही मुद्दाम काढली आहे. दिवसभर दुकानांत बसणाऱ्या किंवा कांद्याच्या माळा घेऊन कडेस उभ्या राहणाऱ्या स्त्रिया ही सोय नसल्यामुळें पाणीच पीत नाहींत आणि मूत्राचे विकार जडवून घेतात. या विषयावर सभेंत बोलण्यास पुरुष लाजतात. पुरुष उघड्यावर उभे राहण्यास मात्र लाजत नाहींत.

पाण्याकडे वळलें म्हणजे वडखळचें दुखणें पेण तालुक्याच्या साऱ्या खारेपाटाचें दुखणें आहे असें दिसतें. एका बाजूस धरमतरची खाडी, सभोंवार बांध घालून समुद्राकडून मिळविलेलीं खाजणें, आणि विहिरी बहुतेक खाऱ्या. तालुक्यांतच हेटवण्याचें धरण आहे. त्याचें पाणी सिडकोमार्फत नवी मुंबईकडे जातें आणि खारेपाटांतील गांवें उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहतात. या अन्यायाविषयीं येथील आगरी शेतकऱ्यांनीं अनेक वेळां आवाज उठविला आहे. आम्हांस येथें त्याचा एक कमी बोलला गेलेला परिणाम सांगावयाचा आहे.

ज्या घरांत नळास रोज पाणी येतें तेथें सांठा लागत नाहीं. जेथें तें चार दिवसांनीं येतें तेथें पिंपें, हंडे, कळशा, टाक्या, फुटके माठ, जें मिळेल तें भरून ठेवावें लागतें. डेंग्यूचा डांस गटाराच्या घाणींत नव्हे, तर असल्याच स्वच्छ सांठविलेल्या पाण्यांत वाढतो. तो दिवसा चावतो. त्याचीं अंडीं भांड्याच्या कडेस चिकटून कोरड्या स्थितींतही महिनोनमहिने टिकतात आणि पाणी लागतांच फुटतात. अंड्यापासून डांस होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आरोग्य खातें आठवड्यांतून एक दिवस कोरडा पाळा, भांडीं रिकामीं करून घांसा असें सांगतें. उपदेश शास्त्रशुद्ध आहे. परंतु जिनें अर्धा कोस चालून किंवा टँकरशीं भांडून पाणी मिळविलें, तिनें तें सातव्या दिवशीं ओतून द्यावें असें सांगणाऱ्यानें आधीं आठव्या दिवशींच्या पाण्याची हमी द्यावयास पाहिजे. तोंपर्यंत निदान प्रत्येक पिंपास घट्ट झांकण किंवा दुहेरी फडकें, एवढें तरी घरोघर व्हावें. तापाची सांथ आली म्हणजे धूर फवारणारें यंत्र गांवांतून फिरवितात व लोकांस समाधान वाटतें. त्यानें उडते डांस मरतात, पिंपांतील अळ्या सुरक्षित राहतात.

खाजणांचे बांध फुटले म्हणजे शेत जातें हें सर्वांस कळतें. त्यासाठीं १९४८ सालापासून कायदे आहेत. पण भरतीच्या पाण्यास यावयाजावयाची जी जुनी वाट होती ती रस्त्याच्या भरावानें बुजली म्हणजे पावसाळ्यांत तें पाणी कोठें जातें? तें घरांच्या जोत्याशीं तुंबतें. भरावाखालीं ठेवलेली मोरी अरुंद असली किंवा कचऱ्यानें भरली, कीं तेथें कावीळ, जुलाब व लेप्टोस्पायरोसिस यांची पेरणी होते. रस्ते बांधणाऱ्यास मोरी ही खर्चाची बाब वाटते. राहणाऱ्यास ती आयुष्याची बाब आहे.

नाक्यापासून जवळच डोलवी येथें पोलादाचा मोठा कारखाना आहे. पूर्वीं तो इस्पात कंपनीचा होता, २०१० च्या अखेरीस जेएसडब्ल्यू कंपनीकडे आला. त्यानें तालुक्यास रोजगार दिला व वडखळच्या दुकानांस गिऱ्हाईक दिलें, हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. त्याच्या धुराविषयीं दोन्हीं बाजूंनीं बोलतात. एक बाजू सर्व खोकला चिमणीच्या माथीं मारते, दुसरी चिमणीचें नांवच काढूं देत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, हा वाद तोंडानें मिटणारा नाहीं, मापानें मिटणारा आहे. मोठ्या कारखान्यांच्या चिमण्यांवर सतत मोजणारीं यंत्रें बसविण्याचा दंडक आहे. ते आंकडे, आणि गांवांतल्या हवेचे आंकडे, नाक्यावर मराठींत, मोठ्या अक्षरांत, रोज लागावेत. आपण कोणती हवा घेतों हें जाणण्याचा अधिकार मागणें म्हणजे कारखाना बंद पाडणें नव्हे.

कारखाना घराबाहेर असतो असेंही नाहीं. पेण, हमरापूर, जोहे या बाजूस घरोघरीं गणपतीच्या मूर्ति घडतात. साऱ्या महाराष्ट्रास व परदेशासही त्या जातात. ज्या पडवींत प्लास्टरची भुकटी उडते व रंगाचे फवारे चालतात, तेथेंच पुष्कळदां पाळणा टांगलेला असतो. कामाची जागा वेगळी, उघडी व वाऱ्याची असावी, तोंडावर योग्य मुखपट्टी असावी, हें कांहीं मूर्तिकारांस ठाऊक आहे. परंतु गणेशचतुर्थी जवळ आली म्हणजे कोणास फुरसत नसते.

गांवाच्या अगदीं कडेस, डोंगराच्या पायथ्याशीं, कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. वरील सर्व संकटें तेथें दुप्पट असतात आणि बोलणारा कोणी नसतो. पावसाळा संपला कीं पुष्कळ कुटुंबें वीटभट्ट्यांवर जातात व मुलें भट्टीच्या धुरांत वाढतात. याच जिल्ह्यांत, तेव्हां त्याचें नांव कुलाबा होतें, २० मार्च १९२७ रोजीं महाड येथें डॉ. आंबेडकर यांनीं चवदार तळ्याचें पाणी प्राशन केलें. तळें सर्वांस खुलें करण्याचा ठराव नगरपालिकेनें आधींच केला होता; तो कागदावर होता. आज वाडीच्या हातपंपास पाणी नाहीं, तेव्हां कागदावर कोणता ठराव आहे हें पाहिलें म्हणजे बहुधा तोही सांपडतो.

हें करावयाचें कोणी? राजमार्ग केंद्राचा, पाणी जिल्हा परिषदेचें व जीवन प्राधिकरणाचें, हवा प्रदूषण नियंत्रण मंडळाची, दवाखाना आरोग्य खात्याचा. ग्रामपंचायतीकडे उरतो तो कचरा, आणि कचरा टाकावयास जागा नाहीं. असें असलें तरी १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीनें पिण्याचें पाणी, आरोग्य व स्वच्छता हे विषय पंचायतींकडे सोंपविण्याजोगे म्हणून अकराव्या परिशिष्टांत घातले आहेत, आणि ग्रामसभेस प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणी काढून घेतलेला नाहीं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशीं ग्रामसभा भरण्याचा प्रघात आहे. त्या दिवशीं वडखळचा व्यापारी दुकान बंद ठेवून तेथें जातो काय? आमचा अनुभव असा कीं, तो फार तर आपल्या मुनिमास पाठवितो.

१ मे रोजींची सभा पावसाच्या तोंडावर येते, म्हणून तीच या कामास उत्तम. तींत चार गोष्टी विचारून त्यांचीं उत्तरें लेखी मागावीं. भरावाखालच्या मोऱ्या किती, त्यांतील किती साफ झाल्या व कोणी साफ केल्या. पाण्याची पाळी कोणत्या वाडीस किती दिवसांनीं येते. हवा मोजण्याचें यंत्र नाक्यावर बसविण्याविषयीं प्रदूषण नियंत्रण मंडळास पत्र गेलें काय, आणि गेलें असल्यास त्याची तारीख काय. बायकांच्या शौचकूपाची जागा कोणती ठरली. सभेस स्त्रिया बोलाविल्या तर दुसऱ्या व चौथ्या प्रश्नाचें उत्तर अधिकाऱ्यांआधीं त्याच देतील.