शिराझ : द्राक्षातली मिरी

बाग पाहायला आलेल्या पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘‘एवढीशीच का हो ही द्राक्षं?’’ आमच्या दिंडोरी तालुक्यात लोकांचे डोळे थॉमसनच्या टपोऱ्या मण्यांना सरावलेले. शिराझचा मणी बारीक, काळसर, जाड सालीचा आणि बियांचा. गोड लागतो, पण साल चावली की जीभ तुरट होते. खायला म्हणून हे द्राक्ष कोणी विकत घेणार नाही. रेड वाइन मात्र त्या सालीतूनच तयार होते.

मणी चिरून पाहिला तर आतला गर पांढुरकाच दिसतो. रंग, तुरटपणा आणि बराचसा वास सालीत असतो. म्हणून व्हाइट वाइनसाठी रस आधी वेगळा काढतात आणि रेडसाठी रस, साल, बिया सगळे एकत्र आंबवतात.

आमच्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी आणि हिवाळा सरताना तोडणी. तोडणी पहाटे करतो, म्हणजे माल गार राहतो. टाकीत यीस्ट रसातली साखर खाते आणि तिचे अल्कोहोल होते. वायूच्या जोराने साली वर येऊन जाड थर धरतात. तो थर दिवसातून दोन-तीनदा खाली दाबावा लागतो, नाहीतर रंग उतरत नाही. आठ-दहा दिवसांनी रस पिळून घेतात. मग जिवाणू त्यातले कच्च्या सफरचंदासारखे आंबट आम्ल दह्यातल्या सौम्य आम्लात बदलतात. पुढे ओकच्या पिंपात ठेवले तर व्हॅनिला आणि किंचित धुरकट वास चढतो.

शिराझची खरी ओळख म्हणजे काळ्या मिरीचा वास. पूर्वी मला ती जाणकारांची कल्पना वाटे. पण 2008 मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी तो वास देणारे द्रव्य ओळखले. त्याचे नाव रोटंडोन. आपल्या मिरीतही तेच असते.

जेवणाशी जोडी लावतानाही हेच ध्यानात ठेवावे. वाइनमधला तुरटपणा लाळेतल्या प्रथिनांना धरतो, म्हणून तोंड कोरडे पडते. सोबत मांस असले तर तो मऊ वाटतो. मिरी घातलेले सुके मटण किंवा तंदूरचे कबाब तिच्याबरोबर छान लागतात. शाकाहारी मंडळींनी भाजलेले मशरूम किंवा बेताच्या तिखटाची भरली वांगी घ्यावीत. झणझणीत तांबडा रस्सा मात्र नको, कारण अल्कोहोलमुळे मिरचीची आग वाढते. तळलेल्या सुरमईशीही तिचे जमत नाही. वाइनमधल्या लोहामुळे मासळीचा उग्र वास पुढे येतो. ‘खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा नियम थंड देशांतला आहे. नाशिकच्या एप्रिलमध्ये बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी.

ही बाग मला फुकट शिकवून गेली नाही. 2009 च्या सुमारास, मंदीच्या दिवसांत, ज्यांच्याशी करार होता त्यांनी माल उचलला नाही. थॉमसनचा भाव पडला तरी तो बाजारात जातो, बेदाणा होतो. शिराझला वाइनरीशिवाय गिऱ्हाईक नाही. घड वेलीवरच सुकले. दोन एकरांतला एक मी उपटला. दुसरा ठेवला, तेव्हा वडील एवढेच म्हणाले, ‘‘आधी घेणारा बघ, मग छाटणी कर.’’ ते माळकरी. वाइन त्यांनी कधी चाखली नाही, पण त्यांचा हा सल्ला मी आजही पाळतो.

शेवटी एक सांगतो. रेड वाइन हृदयाला चांगली म्हणून औषधासारखी घेऊ नका. मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट केले आहे. माझा माल खपावा असे मलाही वाटते, पण म्हणून खोटे सांगणार नाही. घेणाऱ्यांनी थोडी घ्यावी, जेवणाबरोबर घ्यावी आणि नंतर गाडीला हात लावू नये.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)