चारचा आकडा आणि टेबलावरचा घाट

दिवाळीच्या सुटीत मुलांनी मातीचा किल्ला करावा, त्यावर हळीव पेरावेत, मावळे उभे करावेत, ही आपल्याकडची जुनी हौस. यंदा किल्ल्याच्या जोडीला एक घाट करून पाहावा, असे मी सुचविणार आहे. आणि घाट तोही रेल्वेचा!

या घाटाचा नमुना आमच्या वरवट बकालच्या उत्तरेस पसरलेल्या सातपुड्यातच आहे. अकोल्याहून आकोटमार्गे खंडव्याला जाणारी मीटरगेज गाडी मेळघाटात धूळघाट येथे मोठी मौज करी. चढ एकदम अंगावर घेण्याऐवजी ती डोंगरात फेरा घाली आणि आपल्याच खालच्या रुळांना वरून ओलांडून पुढे जाई. आपला मराठी ४ काढून पाहा. एका शेपटीने आत शिरा, वेटोळ्याला वळसा घाला आणि पहिली रेघ छेदून दुसऱ्या शेपटीने बाहेर पडा. झाला धूळघाट!

२०१७ च्या आरंभापासून या मार्गावरील मीटरगेज गाड्या बंद झाल्या. रुंद रुळांची नवी वाट व्याघ्रप्रकल्पाला वळसा घालून हिवरखेड, सोनाळा, जामोद अशी आमच्याच भागातून न्यायचे ठरले. वाघांच्या दृष्टीने हे योग्यच झाले. पण चारच्या आकड्यावरून गाडीने जाण्याचे सुख मात्र संपले. म्हणूनच तो फेरा निदान टेबलावर तरी उभा राहावा, असे वाटते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. छंदी लोकांत ‘एचओ’ नावाचे प्रमाण फार रूढ आहे. त्यात खऱ्या वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढी प्रतिकृती करतात आणि दोन रुळांत १६.५ मिलिमीटर अंतर ठेवतात. हुबेहूब मीटरगेज करायचे तर हे अंतर १२ मिलिमीटर हवे. पण हात बसेपर्यंत सहज मिळणारा माल बरा. वरच्या रुळांखालून गाडी मोकळी जावी म्हणून फळीची जाडी धरून सुमारे ९ सेंटिमीटर उंची लागते.

बहुतेकजण ४५ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ आखतात. दोरी, खिळा आणि खडू एवढ्यावर काम भागते. त्याचा परीघ २८३ सेंटिमीटर. त्यावर घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे बारा खुणा करायच्या आणि प्रत्येक खुणेवर मागच्यापेक्षा साडेसात मिलिमीटर उंच ठोकळा लावायचा. म्हणजे ३१ सेंटिमीटरला एक सेंटिमीटर चढ झाला. कागदावर हिशेब चोख दिसतो. एकटे इंजिन झोकात वर चढते. मागे पाच-सहा डबे लावले की त्याची चाके जागच्या जागी फिरू लागतात!

अशा वेळी इंजिनात शिसे भरण्याचा मोह होतो. त्याने चाकांची पकड वाढते खरी, पण मोटारही तापते. दुखणे चढाचे आहे, तसेच वळणाचेही आहे, कारण वळणावर चाकांच्या कडा रुळांना घासतात. खऱ्या रेल्वेतही याच कारणाने वळणावरचा चढ मुद्दाम सौम्य ठेवतात. त्रिज्या ६० सेंटिमीटर केली तर परीघ ३७७ होतो आणि चढ ४२ ला एक इतका उतरतो. गाडी चढते, मात्र आता टेबल वाढवण्यासाठी गृहिणीची परवानगी लागते!

एवढ्याने भागत नाही. सपाट रूळ संपून चढ एकाएकी सुरू झाला, तर तेथेच डब्यांच्या कड्या सुटतात. म्हणून पहिले दोन-तीन ठोकळे बेताबेताने वाढवावेत आणि माथ्यावरही तसेच करावे. इंजिनामागचा डबा फार हलका असला, तर मागच्या ओझ्याने तो वळणात आतल्या बाजूला कलंडतो. जड डबे पुढे जोडावेत. रुळांचा सांधा नेमका वळणावर आला तर तेथे कोन पडतो. दोन सरळ तुकडे आधी डाख देऊन जोडावेत आणि मग वाकवावेत.

या सगळ्या खटाटोपात एकच पथ्य पाळायचे: एका वेळी एकच बदल करून तो वहीत टिपायचा. त्रिज्या, वजन आणि सांधा एकदम बदलला, तर गाडी कशाने सुधारली हे कधीच कळत नाही. मी भाषेचा मास्तर. निबंधातली चूक आम्हाला लाल शाईने दाखवावी लागते आणि तरीही विद्यार्थी हुज्जत घालतात! येथे गाडी मुकाट्याने रुळांवरून उतरते आणि वाद मिटतो.

असल्या धडपडीतून केवढे काम उभे राहते, हे पाहायचे असेल तर पुण्याला कोथरूडमध्ये जावे. भाऊ जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय तेथे १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झाले. गाड्या, सिग्नल, पूल, दिवे असे चिमुकले नगरच तेथे मांडले आहे.

धूळघाटाच्या फेऱ्यातून प्रवास केलेली माणसे आमच्या भागात अजून आहेत. पूल कोणत्या हाताला येई, खालचे रूळ कोठून दिसत, हे त्यांना आठवते. मुलांनी ठोकळे लावण्यापूर्वी अशा एखाद्या आजोबांना शेजारी बसवून घ्यावे. गाडी वर चढली की पहिली शिटी त्यांनाच वाजवू द्यावी.