धरणावर सहलीला जाताना

पावसाळा लागला की रविवारी वस्तीतली पोरे बदलापूरकडे, बारवी धरणाच्या बाजूला निघतात. आठवडाभर राबणाऱ्याला हिरवा डोंगर पाहावासा वाटला तर त्यात गैर काही नाही. जरूर जावे, काठापासून लांब बसून डबा खावा. पाण्यात मात्र उतरू नये, असे आम्ही कळकळीने सांगतो. कारणे दोन आहेत.

पहिले कारण जिवाचे. बारवी धरण भरले की दरवाजे आपोआप उघडतात. खाली नदीत ऊन असले तरी वरचे पाणी बघता बघता छातीला लागते. जलाशयाच्या काठाला गाळ असतो. पाय टेकला असे वाटते तिथेच एकदम खोल लागते. पोहता येणाराही गाळात अडकतो, दारू प्यालेला तर वाचणे कठीण.

कोणी बुडत असेल तर मागोमाग उडी घेऊ नका. दोर, ओढणी, झाकणबंद रिकामा कॅन फेका. बाहेर काढलेल्याचे पोट दाबू नका, उलटे टांगू नका. श्वास नसेल तर उताणे निजवून आधी तोंडाने पाच श्वास द्या. मग छातीच्या मधोमध ३० वेळा जोराने, भरभर दाबा, २ श्वास द्या, आणि मदत येईपर्यंत हेच चालू ठेवा. दुसऱ्याने लगेच १०८ला फोन करावा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यावेच.

पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यात गेलात आणि पुढच्या काही आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे सुरू झाले, तर तो लेप्टो असू शकतो. पाण्यात गेल्याचे डॉक्टरांना आपणहून सांगा.

दुसरे कारण आपल्या हंड्याचे. मीरा-भाईंदरला स्वतःचे धरण नाही. बारवीचे पाणी उल्हास नदीत येते. एमआयडीसी आणि स्टेम प्राधिकरण त्याच नदीतून उचलून, शुद्ध करून आपल्या शहराला देतात. म्हणजे तिथे टाकलेली घाण आपल्याच नळाच्या वाटेवर पडते. पवई तलाव १८९१ साली मुंबईला पाणी पाजण्यासाठी बांधला. पाणी पिण्यालायक राहिले नाही. आज तिथे सांडपाणी, जलपर्णी आणि मगरी आहेत; लोक काठावर फक्त फिरतात.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ते तळेही नगरपालिकेचेच होते. सार्वजनिक पाण्यावरचा हक्क आपण असा मिळवला आहे. नदीत सांडपाणी सोडणाऱ्यांना जाब विचारायचा, तर आपला कचरा आपण पिशवीत घालून परत आणला पाहिजे.

वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला सगळे जमतात. त्यानंतर दहा मिनिटे काढून छाती दाबण्याचा सराव पोरांकडून, आणि आयाबायांकडूनही, करून घ्या.