दुपारची वीज जाते कुठे?

मे महिन्यातली रणरणती दुपार आहे. गच्चीवरचे सोलर पॅनेल जोरात वीज बनवतायत. पण आई-बाबा कामावर गेलेत, आजीचा डोळा लागलाय आणि घरात चालू आहे तो एकच पंखा. मग उरलेली वीज जाते कुठे?

चला, गच्चीपासूनच तिचा माग काढू. पॅनेलमधल्या त्या गडद निळ्या-काळ्या चकत्या असतात सिलिकॉनच्या. सिलिकॉन मिळतं वाळूतल्या खनिजापासून. त्यावर ऊन पडलं, की आतले इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि एका दिशेने धावत सुटतात. झाली वीज तयार! ना धूर, ना आवाज. उजेडातून वीज मिळते हे 1839 साली फ्रान्समधल्या एदमों बेकेरेलच्या लक्षात आलं, तेव्हा तो होता अवघा 19 वर्षांचा!

ही वीज येते इन्व्हर्टरमध्ये. तो तिला पंख्या-फ्रीजला चालेल अशी करून देतो. घराची गरज भागली, की उरलेली वीज नेट मीटरमधून बाहेरच्या तारेवर जाते. शेजारच्या काकूंचा मिक्सर फिरत असेल, तर बहुधा तिथेच ती कामी येते. मीटर दोन्ही आकडे नोंदवतो: किती वीज दिली आणि किती घेतली. रात्री आपण तारेवरून वीज घेतो आणि बिलात दिलेली वीज वजा होते.

आता सांगा, पॅनेल आपल्या गच्चीवर, मग सरकार त्यासाठी पैसे का देतं? 2024 साली केंद्र सरकारने ‘पीएम सूर्यघर’ योजना सुरू केली. 1 कोटी घरांवर सोलर बसवायचं, असं तिचं ध्येय. 1 किलोवॉट क्षमतेच्या सोलरला 30 हजार रुपये अनुदान, 2 किलोवॉटला 60 हजार, 3 किंवा त्याहून जास्त किलोवॉटला 78 हजार. सोलर बसवून सुरू झालं, की ही रक्कम बँकेच्या खात्यात जमा होते.

सरकार हे पैसे का देतं, त्याचं उत्तर चंद्रपूरच्या वीज केंद्रात सापडेल. तिथे कोळसा जाळून वीज बनते. एका युनिट विजेसाठी अर्ध्या किलोहून जास्त कोळसा लागतो! शिवाय लांबच्या प्रवासात तारा तापतात आणि थोडी वीज वाटेतच वाया जाते. गच्चीवरची वीज मात्र शेजारीच वापरली जाते. कोळसा वाचतो, धूर कमी होतो. म्हणजे पॅनेल एका घरावर, फायदा सगळ्यांना. म्हणून त्याच्या खर्चाला सगळ्यांच्या तिजोरीतून हातभार!

एक गंमत अजून. बाहेरची लाइट गेली, की बॅटरी नसलेलं साधं सोलर भर उन्हातसुद्धा आपोआप बंद पडतं. का बरं? खांबावर वायरमन काका दुरुस्ती करत असतील, तर आपल्या गच्चीवरून गेलेल्या विजेचा त्यांना झटका बसू नये म्हणून!

आता तुमची पाळी. घरचं वीजबिल काढा आणि महिन्याला किती युनिट लागतात ते बघा. चांगल्या उन्हात 1 किलोवॉट सोलर दिवसाला साधारण 4 युनिट वीज देतं. मग करा गणित: तुमच्या घराला किती किलोवॉट लागतील? आणि 1 किलोवॉटला साधारण 100 चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा हवी, म्हणून टेप घेऊन गच्चीही मोजा. एकट्याने नाही हं, मोठ्यांना सोबत घेऊनच!