मोर्चात आहात, मतदार यादीतही या!

२००९ च्या विधानसभा निवडणुकीत दिंडोरीचा निकाल अवघ्या १४९ मतांनी लागला. शिवसेनेचे धनराज महाले निवडून आले, राष्ट्रवादीचे नरहरी झिरवाळ पडले. पेठच्या डोंगरातल्या पाड्यांपासून मोहाडी-जानोरीच्या द्राक्षबागांपर्यंत पसरलेल्या मतदारसंघात १४९ मते म्हणजे बारावीच्या दोन-तीन तुकड्या. त्या वर्षी अठरा वर्षे पूर्ण झाली, पण यादीत नाव नाही, अशी मुलेमुली तालुक्यात याहून कितीतरी जास्त असणार. तो निकाल यादीबाहेर राहिलेल्यांच्या हातात होता, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

या भागातले तरुण गप्प बसणारे नाहीत. मार्च २०२३ मध्ये कांद्याला अनुदान, वनजमिनींचे हक्क आणि शेतीला वीज या मागण्यांसाठी निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च दिंडोरीहूनच मुंबईच्या दिशेने चालू लागला आणि शहापूर तालुक्यातल्या वाशिंदला सरकारशी बोलणी होऊन थांबला. ऑगस्ट २०२४ मध्ये पेसा (अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पंचायत कायदा) क्षेत्रातल्या १७ संवर्गांची रखडलेली भरती व्हावी म्हणून आदिवासी तरुण-तरुणींनी नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर ठिय्या दिला. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी तर दिंडोरीचेच आमदार आणि विधानसभेचे उपाध्यक्ष झिरवाळ यांनी याच भरतीचा आणि आदिवासी आरक्षणाचा प्रश्न घेऊन मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उडी घेतली. पुढच्या वर्षी आश्रमशाळांतल्या बाह्यस्रोत भरतीविरुद्धचा बिऱ्हाड मोर्चा त्याच भवनासमोर भर पावसाळ्यात मुक्काम ठोकून बसला.

पायी चालायची, रस्त्यावर रात्र काढायची तयारी असलेली ही पिढी आहे. तिच्याकडून आणखी एका कामाची अपेक्षा करावीशी वाटते. मोर्चात जितकी डोकी, तितकी नावे मतदार यादीत हवीत. मागणी मान्य झाल्यावर तिची अंमलबजावणी ज्या सभागृहांत आणि ग्रामसभांत होते, तिथली हजेरी या यादीवरूनच ठरते.

रागाचे मतात रूपांतर झाले की काय घडते, हे दिंडोरीने २०२४ मध्ये पाहिले. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर निर्यातबंदी घातली आणि मे २०२४ मध्ये, मतदान तोंडावर आल्यावर ती उठवली. २० मे रोजी दिंडोरी लोकसभा मतदारसंघात ६६ टक्क्यांहून अधिक मतदान झाले. त्या टप्प्यातल्या राज्यातल्या मतदारसंघांत हे सर्वाधिक. शिक्षक असलेल्या भास्कर भगरे यांनी केंद्रीय राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांचा एक लाख १३ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. त्याच निवडणुकीत भगरे आडनावाच्याच एका अपक्ष उमेदवाराला, नाव आणि चिन्ह यांतल्या सारखेपणामुळे गाजलेल्या लढतीत, एक लाखाहून अधिक मते पडली. यादीत नाव असणे आणि यंत्रावरचे नाव-चिन्ह नीट वाचता येणे, या दोन्ही गोष्टी नव्या मतदाराने शिकायच्या आहेत.

आकडे वाढले, पण कोणाचे?

२०२४ च्या लोकसभेवेळी देशभरात १८-१९ वयोगटातल्या सुमारे १ कोटी ८४ लाख मतदारांची नोंद होती. त्या वयाच्या अंदाजित लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्याही आत होते. महाराष्ट्रात पुढच्या काही महिन्यांत चित्र झपाट्याने बदलले. निवडणूक यंत्रणेने दिलेल्या माहितीनुसार लोकसभा ते विधानसभा या काळात राज्याच्या यादीत निव्वळ ४० लाख ८१ हजार मतदारांची भर पडली. त्यात १८ ते २९ वयाचे २६ लाख ४६ हजार होते.

या वाढीवर विरोधी पक्षांनी गंभीर प्रश्न उभे केले, निवडणूक आयोगाने आरोप फेटाळले आणि १ नोव्हेंबर २०२५ रोजी याच याद्यांच्या प्रश्नावर मुंबईत मोठा मोर्चा निघाला. तो वाद आपल्या जागी. तरुणांच्या दृष्टीने त्या आकड्यांत एक धडा दडलेला आहे. २६ लाख ४६ हजारांपैकी ८ लाख ७२ हजार हे १८-१९ वयाचे आणि १७ लाख ७४ हजार हे २० ते २९ वयाचे होते. म्हणजे यादीत आलेल्या दर तीन तरुणांमागे दोघांचे अठरावे वर्ष केव्हाच मागे पडले होते. मतदानाचा हक्क वयाने मिळाला, तो वापरायला मात्र पुढची मोठी निवडणूक जवळ यावी लागली आणि कोणाला तरी दार ठोठवावे लागले.

नाव मागे का राहते?

दिंडोरीत याचे एक कारण शेतीच्या वेळापत्रकात आहे. यादीचे वार्षिक पुनरीक्षण साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात जोरात असते आणि नेमकी तेव्हाच द्राक्षांची गोडी छाटणी सुरू होते. छाटणी झाली की फुटवे काढणे, विरळणी, डिपिंग अशी कामे एकामागून एक येतात आणि पेठ-सुरगाण्याची कुटुंबेच्या कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या बागांवर मुक्कामाला उतरतात. गावात घरोघरी फिरणारे बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी), म्हणजे बहुतेक वेळा जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी किंवा अंगणवाडी सेविका, पाड्यावर पोहोचतात तेव्हा घराला कुलूप असते किंवा ओट्यावर एखादी आजी बसलेली असते. सतरा-अठरा वर्षांची नात तेव्हा तीस-चाळीस किलोमीटरवर द्राक्षाचे घड औषधात बुडवत असते. तिची जन्मतारीख आजीला सांगता येत नाही आणि तिचे दहावीचे प्रमाणपत्र पेटीत बंद असते. बीएलओ पुढच्या घराकडे वळतात आणि नाव राहून जाते.

दुसरे कारण मुलींच्या बाबतीतले आहे आणि ते जास्त बोचणारे आहे. ‘दोन वर्षांत लग्न होईल, मग सासरीच नाव लावू’ हे वाक्य गावोगाव ऐकू येते. लग्नानंतर सासरच्या पत्त्याचे कागद तयार व्हायला वेळ लागतो, जुने कागद माहेरच्या नावाचे असतात, मग बाळंतपण येते आणि पहिल्या मतदानाला पंचविशी उजाडते. खरे तर यात अडचण काहीच नाही. अठराव्या वर्षी माहेरी नाव लावावे आणि लग्नानंतर नमुना ८ भरून पत्ता व नाव बदलून घ्यावे. ओळखपत्राचा क्रमांक तोच राहतो. ज्या मुलीच्या हातात सासरी जाताना स्वतःचे मतदान कार्ड आहे, तिच्याकडे तिथली पहिली सरकारी ओळखही आहे.

तिसरे कारण सवयीचे आहे. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतल्या थेट विद्यार्थी निवडणुका बंद केल्या. २०१६ च्या कायद्याने त्या पुन्हा घ्यायची तरतूद केली, पण अंमलबजावणी रखडत राहिली. तिकडे नाशिक जिल्हा परिषदेचे मतदान २०१७ च्या फेब्रुवारीत झाले, मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. २०१७ च्या त्या मतदानानंतर अठरा पूर्ण केलेल्या मुलामुलींनी पंचविशी गाठली, तरी जिल्हा परिषदेसाठी त्यांच्या बोटाला शाई लागली नव्हती. रस्ता, शाळा, आरोग्य केंद्र या रोजच्या गोष्टी ज्या सभागृहात ठरतात, तिथे मत देण्याची संधीच मिळाली नाही, तर नोंदणीची निकड वाटणार कशी?

सतराव्या वर्षीच अर्ज

मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले ते ६१ व्या घटनादुरुस्तीने, २८ मार्च १९८९ पासून. त्यानंतरही तीसहून अधिक वर्षे एक अडचण कायम होती. १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख असल्याने २ जानेवारीला अठरा पूर्ण करणाऱ्याला वर्षभर थांबावे लागे. २०२१ च्या कायदादुरुस्तीने १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा केल्या आणि त्या १ ऑगस्ट २०२२ पासून लागू झाल्या. आता सतरा वर्षे पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करता येतो. ज्या तिमाहीत अठरा पूर्ण होतील, तिच्या पुढच्या तिमाहीत नाव यादीत येते.

त्यासाठी नमुना ६ भरायचा. एक छायाचित्र, वयासाठी जन्मदाखला, आधार किंवा जन्मतारीख असलेले दहावी-बारावीचे प्रमाणपत्र आणि पत्त्यासाठी आधार, बँकेचे पासबुक किंवा वीजबिल पुरते. घरातल्या एखाद्या मतदाराचा कार्ड क्रमांक जवळ ठेवला की काम सोपे होते. अर्ज बीएलओकडे देता येतो, मोबाइलवरूनही भरता येतो. पैसे लागत नाहीत. शंका असेल तर १९५० हा क्रमांक आहे. अर्ज नाकारला गेला, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते. शिक्षणासाठी नाशिक-पुण्याच्या वसतिगृहात राहणाऱ्यांना गावचा पत्ता द्यायचा की वसतिगृहाचा, हे ठरवता येते, मात्र नाव एकाच ठिकाणी हवे.

एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. ग्रामपंचायत, नगरपंचायत, जिल्हा परिषद यांसाठी राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी एका ठरलेल्या तारखेची घेतो. २०२५ च्या स्थानिक निवडणुकांसाठी ती तारीख १ जुलै होती. त्यानंतर ज्यांची नावे लागली, त्यांना त्या निवडणुकीत मत देता आले नाही. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही, तो यासाठी.

यादीतले नाव म्हणजे ग्रामसभेतली जागा

हा सगळा खटाटोप पाच वर्षांतून एकदा बटण दाबण्यापुरता नाही. राज्यघटनेच्या २४३ व्या अनुच्छेदानुसार गावच्या मतदार यादीत ज्यांची नावे आहेत, त्यांची मिळून ग्रामसभा होते. १९९६ चा पेसा कायदाही हेच सांगतो. पेठ तालुका आणि दिंडोरी तालुक्यातली काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथल्या ग्रामसभेला गौण वनोपज, लहान जलसाठे, दारूबंदी, योजनांचे लाभार्थी निवडणे अशा विषयांत कायद्याने अधिकार दिले आहेत. आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी राज्याने २०१५ पासून थेट या ग्रामपंचायतींना द्यायचे ठरवले आणि तो कशावर खर्चायचा, हे ग्रामसभेने सांगायचे आहे.

पेसा भरतीसाठी नाशिकला ठिय्या देणारा तरुण गावच्या यादीत नसेल, तर त्याच पेसाने दिलेल्या ग्रामसभेत तो कायद्याने सदस्य नाही. सर्वसाधारणपणे ग्रामसभेची गणसंख्या एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी कमी असेल ती. छोट्या गावात वीस-पंचवीस जागरूक तरुण नेमाने बसू लागले, तर कोरमअभावी सभा तहकूब होणे थांबते आणि ठराव कोणाच्या तरी घरी लिहिला जाण्याची वेळ येत नाही.

शेजारच्या नेपाळमध्ये सप्टेंबर २०२५ मध्ये तरुणांच्या उठावाने सरकार गेले. अंतरिम सरकारने निवडणूक जाहीर केली आणि वटहुकूम काढून मतदार नोंदणी पुन्हा खुली केली. रस्त्यावर उतरलेल्यांना आधी यादीत यावे लागले. आपल्याकडे ती वाट वर्षभर उघडी आहे, आंदोलनाच्या आधीही आणि नंतरही.

म्हणून दिंडोरी-पेठच्या विद्यार्थी संघटनांना, शेतकरी संघटनांना आणि तरुण मंडळांना कळकळीने सांगावेसे वाटते. बारावीतली बहुतेक मुले सतरा पूर्ण केलेली असतात आणि त्यांचे जन्मतारखेचे कागद शाळेच्या दप्तरात असतात. प्रत्येक आश्रमशाळेत आणि कनिष्ठ महाविद्यालयात प्रवेशाच्या दिवसांत नमुना ६ भरून घ्यावा, मुलींचे अर्ज आधी. गोडी छाटणीच्या दिवसांत पाड्यावर जाण्याबरोबर पहाटे मजूर जमतात तिथेही बीएलओंना सोबत नेऊन बसावे. गावात यादीचे चावडी वाचन करावे, मयत आणि दुबार नावांवर नमुना ७ ने हरकत घ्यावी, म्हणजे यादीच्या खरेपणाबद्दल शंका उरणार नाही. आणि पुढच्या मोर्चाच्या तयारीची बैठक बसेल तेव्हा झेंडे, गाड्या, भाकरी यांच्या आधी एक प्रश्न विचारावा: इथे बसलेल्यांपैकी कोणाचे नाव अजून लागलेले नाही? त्यांचे अर्ज त्याच बैठकीत भरून घ्यावेत.