टायर तापला पाहिजे

ट्रॅक डेची तारीख ठरली की पुण्या-मुंबईच्या बाइकवाल्यांच्या गप्पा ब्रेक पॅड, चेन, लेदर सूट असं करत शेवटी टायरवर येतात. आहेत तेच रस्त्याचे टायर चालतील की ट्रॅकचे घ्यावेत? प्रश्न खर्चाचा आहेच, कारण मऊ रबराची जोडी बघता बघता संपते. पण त्याआधी तो तापमानाचा आहे, आणि तिकडे फार कमी जणांचं लक्ष जातं.

रबर थंड असताना कडक असतं. तापलं की मऊ होतं आणि डांबराच्या बारीक खडबडीत रुतून पकड देतं. रस्त्याचा टायर पावसाळी सकाळी घराबाहेर पडल्या पडल्या धरेल, असाच बनवलेला असतो. त्याच्या रबरात सिलिका घालतात ती थंड आणि ओल्या रस्त्यावरच्या पकडीसाठी. स्लिकचा, म्हणजे शर्यतीच्या बिनखाचांच्या टायरचा, हिशेब अगदी वेगळा. त्याला विजेवर तापणारे वॉर्मर गुंडाळून साधारण ८० अंशांपर्यंत नेतात आणि मगच पिटमधून बाहेर काढतात. ते तापमान टिकवायला जोरदार ब्रेक मारावे लागतात, गाडी खोल झुकवावी लागते आणि वळणातून निघताना थ्रॉटल मोकळेपणाने उघडावा लागतो. नवशिक्याकडून यातलं काहीच पुरेसं होत नाही. त्याचा स्लिक थंड पडत जातो आणि रस्त्याच्या टायरपेक्षाही कमी पकड देतो.

या दोहोंच्या मधली एक जात आहे: रस्त्यावर चालवायला मान्यता असलेले, पण ट्रॅककडे झुकलेले टायर. पिरेलीच्या डायब्लो सुपरकोर्सात एसपी आणि एससी असे दोन प्रकार येतात; एसपी रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी, एससी शर्यतीसाठी. वरची नक्षी जवळपास सारखीच असते, रबर मात्र निराळं. त्यामुळे नुसत्या खाचा बघून टायर निवडू नये. कडेवर काय छापलंय ते वाचावं.

आपल्याकडून बहुतेक जण दक्षिणेला जातात. कोल्हापूरजवळचा मोहित्यांचा ट्रॅक कार्टिंगसाठी नावाजलेला. बाइकवाल्यांना कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे नाहीतर चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक गाठावा लागतो. कारी जेमतेम २.१ किलोमीटरचा, चेन्नईचा ३.७. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचं आणि त्याची मोठी सरळ रेघच किलोमीटरभराहून लांब. लिटरभर इंजिनाची बाइक तिथे मागच्या टायरचा जो छळ करते, तो ३९० सीसीची हलकी गाडी कारीवर करूच शकत नाही. म्हणून एकाच्या टायरचा सल्ला दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. सल्ला घेण्याआधी गाडी कोणती, ट्रॅक कोणता आणि चालवणारा किती वेगाचा, हे विचारून घ्यावं.

माझ्या मते निवडीचा निम्मा निकाल एकाच प्रश्नावर लागतो: बाइक टेम्पोतून जाणार की चालवत? चालवत जायचं तर सातारा, बेळगाव, हुबळी, बेंगळुरू करत हजाराहून जास्त किलोमीटर सरळ हायवे. मऊ टायर तेवढ्यात मधोमध झिजून सपाट होतो. मग ट्रॅकवर गाडी झुकवताना ती गोलाईने न उतरता एकदम कडेवर कोसळल्यासारखी वाटते, आणि ज्या कडांसाठी पैसे मोजले त्या कोऱ्याच राहतात. परतीचा प्रवास तर त्याच झिजलेल्या रबरावर करायचा. त्यात ऑक्टोबर ते डिसेंबर तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस. खाचा जवळजवळ नसलेला टायर साचलेलं पाणी बाजूला सारू शकत नाही. स्लिकला तर रस्त्यावर चालवायची मान्यताच नसते. चालवत जाणाऱ्याने चांगल्या स्पोर्ट प्रकारातला रेडियल घ्यावा आणि बाकीचे पैसे ट्रॅकवरच्या जास्तीच्या सेशनला लावावेत.

रस्त्याच्या टायरवर ट्रॅकला उतरताना हवा मात्र घरच्यासारखी ठेवून चालत नाही. टायर तापला की आतली हवा फुगते. ३० अंशांना ३० पीएसआय भरलेला टायर ८० अंशांवर सुमारे ३७ दाखवतो. हवा जास्त झाली की रबराचा जमिनीला टेकणारा ठसा लहान होतो. त्यामुळे थंड असतानाचा आकडा हा फक्त सुरुवातीचा; खरा आकडा सेशन संपवून पिटमध्ये आल्या आल्या घ्यायचा. हेल्मेट नंतर काढावं, गेज आधी लावावा. पाच मिनिटं गेली की आकडा उतरायला लागतो. किती ठेवायचा ते कंपनीच्या तक्त्यात पाहावं आणि दर सेशनचा आकडा वहीत टिपावा. घरी निघण्याआधी हवा पुन्हा रस्त्याच्या मापाने भरायला विसरू नये.

हवा तपासता तपासता रबरही वाचावं. खालीच बसायचं आणि मागच्या टायरच्या कडेवरून बोट फिरवायचं. बारीक दाणेदार पोत आणि कडेला रबराच्या छोट्या वळ्या दिसल्या तर टायर त्याच्या बेताने काम करतोय. रबर फाटून आडव्या चिरा पडल्या असतील तर तापमान, हवा किंवा सस्पेन्शन यांत काहीतरी बिनसलंय. वर तेलकट चमक, निळसर छटा आणि चौथ्या-पाचव्या लॅपपासून मागचं चाक सरकतंय, हवा मात्र बरोबर आहे, तर रस्त्याच्या रबराची हद्द संपली. ट्रॅकचा टायर घ्यायची वेळ ती. त्याआधी घेतला तर वळणाची रेषा, ब्रेकची जागा, थ्रॉटलवरचा हात यांतल्या चुका जास्तीची पकड झाकून टाकते. रस्त्याचा टायर आधी थोडा घसरून सूचना देतो, आणि शिकणाऱ्याला त्या सूचनेची फार गरज असते.

शर्यतवाल्यांनी उतरवलेले टायर स्वस्तात मिळतात, तिथे जपून. खोली पुष्कळ शिल्लक दिसते, पण वारंवार तापून-थंड होऊन रबर कडक झालेलं असतं. कडेवरचा चार आकडी शिक्का जरूर पाहावा: ३२२३ म्हणजे २०२३ सालचा ३२वा आठवडा. कोपऱ्यात पडून जुना झालेला कोरा टायरही तितकाच बेभरवशाचा.

बदलायचेच तर पुढचा-मागचा जोडीने बदलावेत आणि पहिली उडी एसपीसारख्या प्रकारावर घ्यावी. स्लिक आणि वॉर्मर नंतर. नव्या रबराचा वरचा गुळगुळीत थर निघेपर्यंत पहिले काही लॅप हळू, झुकाव थोडा थोडा वाढवत काढायचे. त्या सेशनला लॅप टायमर बंदच ठेवावा.